टाकी

बस, आल्सीड. खुर्ची डुगडुगते, सांभाळून.
वीस मिनिटं दिलीत आपल्याला,
त्यातली दोन तुझी बेडी काढण्यात गेली.

आधी हे ऐक. भिंतीवरच्या त्या फोनवर
आईशी बोलताना जेवलीस का, झोपलीस का,
इतकंच.
तिथला शब्द न् शब्द टेप होतो,
आणि तुला सवय आहे ऊठसूट माफी मागायची.
माफीचा अर्थ कबुली असा लावणारी माणसं
पगार देऊन ठेवलीत या इमारतीत.

आता आरोप. जनरेटर, नग एक, पिवळा,
हेबर हार्डवेअरच्या मागच्या आवारातून.
किंमत चौदाशे डॉलर.
हजाराच्या आत असती तर गुन्हा धाकटा,
हजाराला टेकली की थोरला.
रात्र तीच, कुंपण तेच, तुझे ओले बूटही तेच.
पण चौदाशे ही नव्याकोऱ्याची किंमत.
हा तीन उन्हाळे राबलेला,
चार वेळा दोरी ओढल्याशिवाय न खोकणारा.
त्याचे बाजारात कोणी आठशे तरी देईल का?
असं शपथेवर सांगणारा माणूस मला हवाय.
तुझ्या ओळखीत आहे कुणी जुन्या यंत्रांचा?

आज कबूल केलंस तर रात्री घरी झोपशील, कदाचित.
मग बंदराचं कार्ड जाईल.
टगबोटीवर दोर फेकणारे हात
लेक चार्ल्समध्ये दुसरं काय करतात
ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत.
सरकारी वकीलबाई धाकट्या गुन्ह्यावर येतील,
भरपाई आणि वर्षभर देखरेख,
असा माझा अंदाज. अंदाजच, वचन नव्हे.
तरी न्यायाधीशांसमोर उभं राहून
‘केलं’ म्हणावं लागेलच.
त्या शब्दात घासाघीस चालत नाही.

नाहीतर खटला.
सहा अनोळखी माणसं बसतील,
आणि वादळानंतरच्या त्या नऊ रात्री
सहाही जणांनी अंधारात काढलेल्या असतील.
कुणाची आई तुझ्या आईसारखी नळीवर असेल.
कुणी आपला जनरेटर झाडाला साखळीनं बांधून
मांडीवर बंदूक घेऊन जागलं असेल.
कोण कुठला, ते चेहऱ्यावरून कळत नाही,
अठरा वर्षं बघतोय मी.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात.
त्या आठवड्यात अख्ख्या गावाला
चांदण्याखेरीज दुसरा दिवाच नव्हता.

कायदा विचारेल, कायमचा नेणार होतास का?
तू म्हणतोस, उसना घेतला.
उसनं मागायला समोर कुणी लागतं रे.
हेबर ह्यूस्टनला पळालेला, दुकानावर फळ्या ठोकलेल्या,
तू दार तरी वाजवलंस का?
वाजवलंस. बरं. कुणी ऐकलं?
कुणीच नाही.

तुझी आई काल आली होती माझ्या ऑफिसात,
दोन जिने, मध्ये तीनदा थांबत, सिलिंडर ओढत.
म्हणाली, मीच पाठवलं त्याला, मला उभी करा.
मी पाणी दिलं, नाव लिहून घेतलं, यूलाली गिड्री.
उभी करणार नाही तिला.
ती खरं बोलेल, शंका नाही,
पण त्या खऱ्याचं कुठलं टोक कुणाच्या हाती लागेल
याची मला भीती वाटते.

आणि हे बघ. पोलिसांच्या अहवालात,
तिसऱ्या पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात:
ट्रकमध्ये सापडला तेव्हा टाकी काठोकाठ भरलेली.
कुणी काही विचारलंच नाही याबद्दल.
वीज आदल्या दिवशी आली होती ना तुमच्याकडे?
मग पेट्रोलच्या तीन तासांच्या रांगेत
तू कशासाठी उभा होतास?
थांब, घाईनं बोलू नकोस.
पावती मिळाली होती?
खिशात. कुठल्या?

तुझे कपडे खालच्या मजल्यावर पिशवीत आहेत,
सीलबंद. पावसानं भिजले असतील,
शाई टिकली असेल की नाही देव जाणे.

पहारेकरी दार ठोकतोय.
आल्सीड, इकडे बघ,
शर्ट कुठल्या रंगाचा होता?